वर्षाच्या आतलं लग्न

"एक्स्क्यूज मी, अंकल... ही गाडी कोव्ह स्टेशनला जाते ना?"

टोपी घातलेल्या, मास्क लावलेल्या त्या माणसानं मान वर केली. अनघाकडे जरा वेळ पाहिलं आणि स्वच्छ पुणेरी मराठीत सांगितलं, "नाही जात. कोव्ह दुसऱ्या बाजूच्या गाडीला येतं. आणि अंकल कुणाला म्हणतेस?"

अनघा दचकली. सिंगापुरात येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. पुंगोलच्या या एका डब्याच्या, ड्रायव्हर नसलेल्या गाडीत ती आज पहिल्यांदाच एकटी बसली होती. गाडी वसाहतीला प्रदक्षिणा घालून पुन्हा मूळ स्टेशनला येते हे तिला ठाऊक होतं. अशा प्रदक्षिणा दोन आहेत, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"सॉरी... तुम्ही मराठी? आपली ओळख...?"

त्यानं मास्क खाली केला. गुळगुळीत दाढी केलेला चेहरा, सर्दीनं लाल झालेलं नाक, आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू.

"अनघा, मी प्रबोध. तुझा नवरा."

आता हसू नका. अनघाच्या बाजूनंही थोडं बोललं पाहिजे. लग्नाआधी ती या माणसाला दोनदा भेटली होती. लग्नानंतर तीन दिवसांनी तो सिंगापूरला परतला. तिचा पास येईपर्यंत महिना गेला. ती आली, तर चौथ्या दिवशी त्याला कामासाठी जाकार्ताला जावं लागलं. आणि या सगळ्या काळात त्याला चांगली घनदाट दाढी होती. ती त्यानं जाकार्तात उतरवली होती, बायकोला न कळवता. मग चूक कुणाची?

"तू मला ओळखलंस, तरी गप्प बसलास?" तिचे कान तापले होते.

"दोन स्टेशनं फक्त. तू नकाशाशी भांडत होतीस... बघायला मजा येत होती."

अशी नवरा-बायकोची अचानक भेट झाली.

एवढ्या घाईचं कारण होतं प्रबोधच्या वडिलांचं जाणं. घरात असं काही घडलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं त्याच्या आईचं म्हणणं. वर्षश्राद्ध जुलैत होतं. मे महिन्यात स्थळ सांगून आलं, जूनमध्ये अक्षता पडल्या. एवढ्या दिवसांत माणूस धड सोफासुद्धा पसंत करत नाही.

दुसऱ्या भेटीत, कर्वे रोडवरच्या एका हॉटेलात, प्रबोधनं चहा ढवळत तिला सांगितलं होतं, "हे बघ, घाई आपली नाही, घरच्यांची आहे. तू कॉलेजातून सहा महिन्यांची बिनपगारी रजा घे, ये, बघ. नाही पटलं तर डिसेंबरात परत जा. दोन्ही घरी दोष मी माझ्यावर घेईन. आणि राहतेस का, असं त्या सहा महिन्यांत मी तुला एकदाही विचारणार नाही. शब्द आहे माझा. विचारलं की माणूस भिडेनं हो म्हणतो."

अनघा संख्याशास्त्र शिकवायची. आजवर तिनं भिडेपोटी तीन कमिट्या, दोन भिश्या आणि मावसबहिणीचा एक कुत्रा सांभाळला होता. आपल्याला भिडेतून सोडवणारा माणूस पहिल्यांदाच भेटला म्हणून तिनं होकार दिला... आणि तो भिडेपोटी नव्हता.

पुंगोलमधल्या बाराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मोठी खोली तिची आणि छोटी त्याची, असं ठरलं होतं. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला की प्रबोध आपली उशी बगलेत मारून मोठ्या खोलीत धावायचा. एकदा घाईत त्यानं उशीऐवजी सोफ्यावरचं कुशन नेलं, आणि सासूबाईंनी नेमकं विचारलं, "अरे, अभ्रे नाहीत का तुमच्याकडे?"

सोमवारी तो जायचा, शुक्रवारी यायचा. मधल्या दिवसांत अनघाची सोबत म्हणजे शेजारच्या मिसेस क्वेक आणि त्यांनी लावून दिलेलं व्यसन.

मिसेस क्वेक सत्तरीच्या. बाहेरच्या सामाईक गॅलरीत कुंड्यांना पाणी घालता घालता त्यांनी विचारलं होतं, "यू न्यूली मॅरिड आह? देन यू मस्ट रीड दिस वन." ती एक चिनी प्रेमकादंबरी होती, मोबाइलवर रोज एक प्रकरण यायचं. मिसेस क्वेक मूळ चिनीतून वाचत, अनघा इंग्रजी भाषांतरातून. गोष्ट साधी. एक गडगंज, तुसडा कंपनीमालक आणि एक साधीसुधी मुलगी काही कारणानं तडकाफडकी लग्न करतात, आणि मग चारशे प्रकरणं एकमेकांच्या प्रेमात पडत राहतात. दोघांनाही ते कळलेलं असतं. बोलत मात्र कुणीच नाही.

"ही मुलगी मूर्ख आहे का हो?" अनघा चिडून म्हणायची. "सरळ विचारायचं ना त्याला!"

"चॅप्टर थ्री हंड्रेड ऑल्सो नेव्हर आस्क," मिसेस क्वेक हताशपणे मान हलवायच्या. "आय शाउट अॅट माय फोन, यू नो."

एका शुक्रवारी गंमत झाली. प्रबोध घरात शिरला, चपला काढल्या, आणि अनघा पाण्याचा ग्लास घेऊन आली तसा तो दोन पावलं पुढे आला. तिच्या डोक्याशेजारी भिंतीवर त्यानं हात टेकवला. आवाज खाली आणला.

"तू... मला चुकवत तर नाहीयेस ना?"

त्याच्या शर्टाला विमानातल्या थंडगार हवेचा वास होता. तिच्या छातीत काहीतरी धडधडलं, आणि त्याच क्षणी त्याचं कोपर बुटांच्या कपाटाला लागलं. वर ठेवलेल्या तिन्ही छत्र्या त्याच्या डोक्यावर आल्या.

"आई गं!"

"थांब थांब... हे प्रकरण सत्तेचाळीस आहे!" अनघा हसून हसून खाली बसली. "तू वाचतोयस ती कादंबरी?"

"विमानात," तो डोकं चोळत म्हणाला. "तू फोनवर त्या सीईओबद्दल इतकं बोलतेस... म्हटलं, प्रतिस्पर्धी कसा आहे ते बघावं."

"आणि? कसा आहे?"

"उंच आहे. पण घरी कधी भांडी घासत नाही, हे मी नोंदवून ठेवलंय."

त्या दिवसापासून दर शुक्रवारी चारच्या सुमारास अनघाला पुंगोल स्टेशनवर काही ना काही काम निघू लागलं. बहुधा केळी आणायची असत. "अरे, तू आलास होय? मी केळ्यांना आले होते," असं ती त्याला पाहून आश्चर्यानं म्हणे. तोही तितक्याच आश्चर्यानं म्हणे, "काय योगायोग!" घरात इतकी केळी साठली की मिसेस क्वेकच्या नातवंडांनाही ती नकोशी झाली.

मग ऑक्टोबरातला एक शुक्रवार आला. बाहेर दुपारचा तो इथला पाऊस. काही सूचना न देता ओतणारा आणि अर्ध्या तासात आवरतं घेणारा. प्रबोध आला तो पडेल चेहऱ्यानं. खुर्चीवर बसला आणि त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला.

फोटोत नारळ खवायची विळी होती. लाकडी पाट, पुढे दातेरी पातं, अगदी तिच्या आईच्या घरी होती तशी.

"तू म्हणाली होतीस ना, इथे सगळं मिळतं पण मनासारखी विळी मिळत नाही... जाकार्ताच्या बाजारात दिसली. घेतली. आणि बरोबर नेहमीसारखी एकच हातातली बॅग. विमानतळावरच्या बाईंनी काढून घेतली. धारदार वस्तू." त्यानं सुस्कारा सोडला. "अर्धा तास भांडलो. म्हटलं, इट इज फॉर माय वाइफ. त्या म्हणाल्या, देन यू शुड बी मोअर केअरफुल, सर."

अनघा हसली नाही. ती त्या फोटोकडे बघत राहिली. विळीबद्दल ती जुलैत एकदा, ओझरतं, काहीतरी बोलली होती. तिचं तिलाही आठवत नव्हतं. परमुलखातल्या सुरक्षारक्षकांशी एका विळीसाठी अर्धा तास हुज्जत घालणारा हा माणूस... तिला तो आवडायला लागला होता. थोडाथोडका नव्हे, चांगलाच. राहायचं, परत जायचं नाही, हे तिनं त्याच संध्याकाळी कांदा चिरता चिरता मनाशी ठरवून टाकलं.

पण सांगायचं कसं? त्यानं विचारलं पाहिजे ना! आणि तो तर विचारणार नव्हता. मधूनच तिला वाटे, शब्द वगैरे निमित्त असेल. त्यालाच आपण नको असू. सभ्य माणूस आहे, तोंडानं म्हणणार नाही, सहा महिने भरायची वाट बघत असेल. मग ती पुन्हा केळी आणायला जाई.

नोव्हेंबर गेला. कॉलेजातून ईमेल आली: जानेवारीत रुजू होणार की राजीनामा, ते पुढच्या सोमवारपर्यंत कळवावे. ती ईमेल अनघानं प्रबोधला वाचून दाखवली, अगदी सहज दाखवावी तशी. त्यानं पोह्यांतला शेंगदाणा चमच्यानं इकडून तिकडे केला.

"बरं," तो म्हणाला. "तू... नीट विचार कर."

एवढंच! तिला त्या पोह्यांसकट ती बशी उचलून समोरच्या या सीईओच्या डोक्यात घालावीशी वाटली.

आणि सोमवारच्या आधीच्या त्या शुक्रवारी, दुपारी तीन वाजता, फोन वाजला.

"हॅलो, मिसेस अनघा? आय एम कॉलिंग फ्रॉम युअर हजबंड्ज ऑफिस, एचआर." मुलीचा आवाज घाईत होता. "युअर डिपेंडंट पास, वी कॅन्सल ऑन थर्टी-फर्स्ट डिसेंबर, ओके? द कार्ड मस्ट रिटर्न टू अस. युअर हजबंड साइन ऑलरेडी."

डिपेंडंट पास म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधारावर बायकोला मिळालेली राहण्याची परवानगी. ती रद्द. आणि सहीसुद्धा झालेली.

"आफ्टर दॅट, यू गोइंग बॅक इंडिया, ऑर हाऊ? दॅट पार्ट ही नेव्हर फिल इन."

"मी... आय विल आस्क हिम," अनघा कशीबशी म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ सोफ्यावर बसून राहिली. शेवटी तिनं लॅपटॉप उघडला आणि कॉलेजला लिहिलं, "मी दोन जानेवारीला रुजू होत आहे." पाठवायच्या बटणावर बोट नेलं... आणि दाराची कडी वाजली.

मिसेस क्वेक हातात सूपचा डबा घेऊन उभ्या होत्या. अनघाचा चेहरा बघताच त्यांनी डबा खाली ठेवला. मोडक्यातोडक्या वाक्यांत अनघानं सगळं सांगितलं.

"यू आस्क हिम ऑर नॉट?"

"आंटी, ही हॅज साइन्ड!"

"साइन, साइन! आय आस्किंग, यू आस्क हिम ऑर नॉट?" मिसेस क्वेकनी कपाळावर हात मारला. "थ्री हंड्रेड चॅप्टर आय स्कोल्ड दॅट गर्ल. यू ऑल्सो स्कोल्ड. नाउ यू सेम सेम! गो डाउन, लाह. ही कमिंग नाउ, राइट? आस्क!"

अनघानं चपला घातल्या. उलटसुलट घातल्या, लिफ्टमध्ये नीट केल्या.

इमारतीच्या तळमजल्याला भिंती नव्हत्या. खांबांवर उभा असलेला मोकळा चौक होता तो. दुसऱ्या दिवशी तिथे एका मलाय कुटुंबाचं लग्न होतं. माणसं पिवळे-जांभळे पडदे बांधत होती, गोल टेबलं मांडत होती. पावसाची झड आत येत होती. त्या सगळ्या गडबडीतून, बॅग डोक्यावर धरून, प्रबोध पळत आला आणि तिला बघून थबकला.

"अरे! आज केळी इथेच?"

"माझा पास तू रद्द केलास?"

त्याचा चेहरा उतरला. "तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे खरं आहे." तिचा आवाज फुटला. "नको असेन तर तसं सांगायचं होतंस, प्रबोध. मी गेले असते. हे असं... ऑफिसातल्या मुलीकडून..."

"नको असेन?" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की पडदे बांधणारा माणूस शिडीवरून वळून बघू लागला. "अगं, पास तुझा एकटीचा नाही, माझाही रद्द होतोय! मी नोकरी सोडली."

"काय?"

"बस ना... इथे बस." त्यानं उद्याच्या लग्नाच्या दोन खुर्च्या ओढल्या. "नोकरी सोडली की तिच्यावरचे सगळे पास रद्द होतात. नवीन कंपनी नव्यानं काढते. जानेवारीपासून इथल्याच एका विमा कंपनीत लागतोय. तिथे जाकार्ता नाही. कुठेच जायचं नाही. रोज संध्याकाळी घरी." त्यानं ओली बॅग मांडीवर घेतली. "सहा महिन्यांतले निम्म्याहून जास्त दिवस मी तुझ्याशी फोनवरूनच बोललो. मला ते पुरत नव्हतं."

अनघा खुर्चीच्या कडेला जरा टेकली. जराच. "मग मला का नाही सांगितलंस?"

"काल संध्याकाळपर्यंत माझाच नवा पास मंजूर झाला नव्हता. उगाच तुला कशाला घोर? आणि... सांगितलं असतं तर ते विचारल्यासारखंच झालं असतं. नवऱ्यानं आपल्यासाठी नोकरी सोडली, मग आता परत कसं जायचं... तू भिडेनं राहिली असतीस."

त्यानं बॅगेतून घडी पडून मऊ झालेला एक कागद काढला. नवीन कंपनीचा, कुटुंबाच्या माहितीचा अर्ज. नाव, पत्ता, पासपोर्टचा नंबर, सगळं त्याच्या बारीक अक्षरात भरलेलं. शेवटी एकच ओळ कोरी होती: पत्नीसाठी पास हवा आहे का? हो. नाही. दोन्ही चौकोन रिकामे.

"अकरा दिवस हा घेऊन फिरतोय," तो म्हणाला. "रोज वाटतं, विचारावं. मग वाटतं, शब्द दिलाय. रविवारी पोहे खाताना अगदी तोंडाशी आलं होतं..."

"आणि तू म्हणालास, नीट विचार कर!"

"दुसरं काय म्हणणार?"

अनघानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. प्रबोधला वाटलं, ती रडतेय. तो घाबरून खुर्चीवरून अर्धा उठला. पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते. थोडं रडणंही होतं त्यात. दोन्ही एकदमच चाललं होतं. दुपारी तीनपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून निघून गेलं होतं, आणि तिला नुसता श्वास घेतानासुद्धा बरं वाटत होतं.

"मी ऑक्टोबरात ठरवलंय," ती डोळे पुसत म्हणाली. "दोन महिने तुझ्या विचारण्याची वाट बघतेय. आणि तू शब्द पाळत बसलायस!"

"ऑक्टोबरात?" तो खाली बसला. अगदी धपकन. "म्हणजे... मी हे अकरा दिवस..."

"विचार आता."

"काय?"

"जे अकरा दिवस पोटात आहे ते. तोंडानं विचार. शब्दातून मी सोडलं तुला."

प्रबोधनं इकडेतिकडे पाहिलं. शिडीवरचा माणूस आता उघड उघड ऐकत होता. मराठी कळत नसलं तरी त्याचं फारसं अडलं नव्हतं. प्रबोधनं घसा साफ केला, आणि सीईओला कुठल्याच प्रकरणात जमलं नसतं इतक्या साध्या आवाजात विचारलं,

"अनघा, राहशील? माझ्याबरोबर? म्हणजे, भिडेपोटी नको... अगदी मनापासून वाटत असेल तरच... नाहीतर मी अजूनही..."

"प्रबोध," अनघानं त्याच्या हातातला कागद काढून घेतला, "मला तुझी काडीचीही भीड वाटत नाही."

तिनं त्याच्या खिशातलं पेन घेतलं, कागद उद्याच्या लग्नाच्या टेबलावर ठेवला आणि 'हो'च्या चौकोनात अशी ठसठशीत खूण केली की ती खालच्या चादरीवरही उमटली. मग आपण दुसऱ्यांच्या लग्नाची चादर खराब केली, हे दोघांच्या एकदमच ध्यानात आलं. दोघं ती पुसायला वाकले, डोक्यावर डोकं आपटलं, आणि प्रबोधनं तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

उद्याच्या नवऱ्या मुलाची आई, फुलाफुलांचा स्कार्फ बांधलेली गोल चेहऱ्याची बाई, ताटलीत नारळाच्या वड्या घेऊन त्यांच्याकडे येत होती. चादरीवरचा तो निळा डाग तिनं पाहिला, त्यांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि डागाबद्दल ती काही बोलली नाही.

"ईट, ईट," ती म्हणाली. "यू टू, हाऊ लाँग मॅरिड?"

"सिक्स मंथ्स," प्रबोधनं सवयीनं सांगितलं.

"नाही हं," अनघानं वडी उचलली आणि मोठा थोरला तुकडा तोंडात टाकला. तिला एकाएकी कडकडून भूक लागली होती. "जस्ट नाउ, आंटी. युअर चेअर, युअर टेबल. थँक यू."